हलगीवर भरलेला तंबू

"ऊठ. मांगानं बाकावर बसायचं न्हाई. बायकोला घेऊन पडद्यामागं जा."

नांदेडच्या बाजारात तंबूतला सिनेमा लागायचा. त्या तंबूचा मालक भरल्या गर्दीत मला हे बोलला. सगळ्यांसारखंच तिकीट माझ्या हातात होतं. शेजारी बायको, पहिल्यांदाच सिनेमाला आलेली. तिच्यादेखत मी उठलो. वर "जी मालक" म्हणालो. ते आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

निजामाचं राज्य होतं म्हणतात. आम्हाला उठवायला निजाम कशाला यायला हवा? गावातले पुरेसे होते.

पडद्यामागून चित्र उलटं दिसतं. अक्षरं उलटी, नटीचा पदर भलत्याच खांद्यावर. बायकोनं तिकडं पाहिलंच नाही. पडद्याखालून पुढच्या बाकांवरचे पाय दिसत होते, ते बघत बसली.

"ही मानसं कुनी आनली?"

"म्याच की. सकाळपासनं हलगी वाजवून राहिलो."

"मंग आपन मागं का?"

मी पायाजवळची हलगी मागं सरकवली.

माणसं माझी हलगीच आणायची, हे खरं होतं. बाजारात दोन तंबू समोरासमोर. दोघांकडं हैदराबादेत चालून चालून झिजलेली रिळं. लोहा, नायगावकडून बाजाराला आलेल्या माणसांना पाटी वाचता येत नव्हती. सिनेमाची चित्रं लावलेली बैलगाडी पुढं निघाली, की हलगीमागं लोक जायचे. हलगी ज्याची, तंबू त्याचा भरायचा. मालकच म्हणायचा, "पिक्चर कसंबी असू द्या, हलगी आपली पायजे." आणि मी खुळा, त्यावर छाती फुगवायचो.

पुढच्या बाजाराला दोन्ही तंबूंत नवा खेळ लागणार होता. दोघांचीही बोलावणी आली. मी दोघांना एकच विचारलं, "आमची मानसं बाकावर बसतील का?"

"येडा हायेस का? बाकीचे उठून जातील."

दोघांचंही हेच उत्तर. एकमेकांचं गिऱ्हाईक पळवणारे, यात मात्र सख्खे भाऊ.

मी मांगवाड्यातल्या सगळ्या हलगीवाल्यांना वाजवायला जाऊ नका म्हणून सांगितलं. कुणीच गेलं नाही. हलगी नाही म्हटल्यावर लोकांनी बाजार केला, गाड्या जुंपल्या आणि दिवस बुडायच्या आत ते आपापल्या गावाला गेले. मला उठवणारा मालक स्वतः मांगवाड्याच्या तोंडाशी आला. आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच ओरडला, "उपाशी मरशील!"

ते खोटं नव्हतं. त्या दिवशी आमची चूल पेटली नाही. लाजही गेली नाही, ती अजून आहे. पण ज्या दारातून माझी बायको ताठ मानेनं आत जात नाही, त्या दारापुढं मी हलगी वाजवणार नाही. मेलो तरी नाही.