बिनकामाची सायकल

कडूबाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. औरंगाबादच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सिल्लोड-फुलंब्रीकडच्या बैलगाड्या उजाडायच्या आत येऊन लागत आणि गाडीवानांना परतायची घाई असे. पाचाच्या ठोक्याला पहिलं पोतं पाठीवर चढे. पोतं अडीच मणाचं. ते ताकदीनं उचलायचं नसतं. आकडा लावायचा, गुडघ्यात वाकायचं आणि दोघांनी चढवलेलं पोतं मानेखालच्या सपाट जागेवर घ्यायचं. एक बोट वर गेलं तर मान जाते, एक बोट खाली आलं तर कंबर. वीस वर्षांत कडूबाचं बोट चुकलं नव्हतं.

पण पोत्याखालच्या माणसाला जग दिसत नाही. दोन हात जमीन दिसते आणि पुढच्या हमालाच्या टाचा. मोंढ्यातल्या साऱ्या हमालांना कडूबा टाचांवरून ओळखायचा. तोंडं बघून मात्र त्याचा घोटाळा व्हायचा.

पोलीस ॲक्शनला दहा वर्षं झाली, त्या साली त्यानं एक जुनी सायकल घेतली. नाक्यावर मोहियोद्दीनचं सायकलीचं दुकान होतं, तिथून. मोहियोद्दीनला वाटलं, हमाल आहे, माल वाहणार.

"क्या ढोनेवाला इसपे?" त्यानं विचारलं.

"काय बी नाय."

"फिर काय को ली?"

"बसून फिरायला."

मोहियोद्दीननं हातातला पाना खाली ठेवला आणि पैसे परत देऊ का म्हणून विचारलं. कडूबा नको म्हणाला.

मोंढा अमावास्येला बंद असे. बाकीचे हमाल त्या दिवशी झोपत. कडूबा सायकल काढी. कधी दौलताबादकडं, कधी खुलताबादचा घाट चढून पलीकडं. घाट चढून म्हणजे सायकल हातात धरून. त्याचा नियम होता, चढ आला की उतरायचं. दम लागेपर्यंत पायडल मारणं ही मजुरी झाली, आणि मजुरीचे पैसे मिळाले पाहिजेत. उतारावर तो ब्रेक दाबून बसे, कारण उतार लवकर संपलेला त्याला आवडत नसे. एकदा भरल्या गाडीचा म्हातारा बैल त्याला मागं टाकून गेला. गाडीवानानं वळून बघितलं. कडूबानं त्याला रामराम केला. पाठीवर काही नव्हतं, मान वर होती, दोन्ही अंगांना कपाशी दिसत होती. घाई करून काय बघायचं?

त्रास एकच होता. अमावास्येला शहाणी माणसं प्रवासाला निघत नाहीत. त्यामुळं गावोगाव विचारणा व्हायची, "कुठं निघालात?" कडूबा म्हणे, "कुठं नाय." हे उत्तर कुणाला पटत नसे. दोन गावांत त्याला चोर समजून वेशीपर्यंत पोचवलं. म्हणून तो सांगू लागला, "गाय हरवलीय, बघतो." तेव्हा एका गावातले चार जण त्याच्याबरोबर ओढ्याओढ्यानं गाय शोधत हिंडले. दुपारी त्यातल्या एकाला खरंच एक गाय सापडली. ती कडूबाची नाही हे पटवताना त्याचा दिवस गेला.

पुढं तो लासूरच्या वाटेला लागला. तिथं त्याला शिवना नदी सापडली. नदी त्याला नवी नव्हती, त्याची सासुरवाडीच लासूरखाली दीड कोसावर शिवनेकाठी होती. पण तिथं तो लग्नाकार्यात गेलेला, डोक्यावर फेटा आणि नजर पत्रावळीवर. आता काठाकाठानं गाडीवाट धरली तर नदी दर वळणावर निराळी. कुठं खडकावरून वाजत जाई, कुठं डोहात म्हशींसोबत पडून राही. ही खाली जाऊन गोदावरीला मिळते असं सगळे सांगत. तिकडचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतात. कुठं मिळते म्हणून विचारलं तर कुणालाच नेमकं सांगता येईना. कडूबाच्या मनानं घेतलं की तो संगम आपण बघायचा.

एका दिवसात ते होत नव्हतं. सकाळी दहाला लासूर, आणखी थोडं खाली गेलं की परत फिरावं लागे. लागून दोन दिवस सुट्टी वर्षातून एकदाच मिळे, पोळ्याला. पोळ्याच्या अमावास्येला बैल जुंपत नाहीत. दुसऱ्या दिवशी कर, तेव्हाही गाड्या मोंढ्यात येत नाहीत. कडूबा वर्षभर पोळ्याकडं डोळे लावून बसला.

पोळ्याला तो पहाटेच निघाला. बायको चतुराबाईनं भाकरी-चटणी बांधून दिली. "शेजारणींनी इचारलं तर तुमी कामाला गेलाव म्हणून सांगते," ती म्हणाली. "मला लाज हाय."

साडेदहाला तो सासुरवाडीच्या गावात शिरला. थांबायचं नव्हतं, पण जावई दारावरून न थांबता गेला तर वर्षभर बोलणी खावी लागतात. उभ्या उभ्या रामराम करावा आणि खालची वाट धरावी, असा त्याचा हिशेब होता. घामामुळं त्यानं डोक्याचा पटका सोडून हँडलला बांधला होता.

सासू लक्ष्मीबाई ओसरीवर पुरण वाटत होती. तिनं तांब्या आणला.

"नगं मामी," कडूबा म्हणाला. "आत्ता पाणी नगं."

घामाच्या अंगानं हमाल पाणी पीत नाही. छातीत धरतं. पण लक्ष्मीबाईच्या हातातून तांब्या पडला. त्या काळी फोन नव्हते. मयताचा निरोप सायकलवरून यायचा, आणणारा बोडका असायचा, आणि निरोप सांगितल्याशिवाय त्या घरचं पाणी घ्यायचा नाही. जावई बोडका, एकटा, अमावास्येला, ऐन पोळ्याला दारात उभा. पाणी नको म्हणाला. लक्ष्मीबाईनं तोंडात पदर कोंबला.

गोठ्यातून सासरा बद्रीनाथ आला. बैलांची शिंगं रंगवता रंगवता त्याचे हात हिंगुळानं लाल झालेले. त्यानं एका नजरेत ओळखलं. आणि तो भराभर विचार करू लागला. वेशीच्या तोरणाखालून पहिली जोडी पाटलाची जायची रीत. यंदा पाटलाच्या घरी सुतक, म्हणून चाळीस वर्षांत पहिल्यांदा मान बद्रीनाथच्या बैलांना आला होता. दिल्या लेकीचं सुतक तीन दिवसांचं. पण सुतक धरायचं ते कानावर पडल्यापासून.

"पाव्हणं," तो म्हणाला, "एक शब्द बोलू नगा."

"पण मामा, मी काय म्हणतो..."

बद्रीनाथनं त्याच्या तोंडावर पंजा ठेवला. कडूबाला लाल मिशा आल्या.

"दिवस मावळंस्तोवर तोंड उघडू नगा. जे झालं ते झालं. मला ठावं नाय म्हंजे नाय."

कडूबानं पंजा बाजूला केला. "मामा, समदं बरं हाय."

"तसंच म्हणत्यात पाव्हणं. आधी समदेच तसं म्हणत्यात."

हेही खरं होतं. मेलं असं त्या भागात कुणी तोंडावर सांगत नाही. जरा बरं नाही, चला, असंच सांगतात. आता कडूबानं काय सांगावं? तब्येत जितकी चांगली सांगावी तितकं मरण पक्कं होत होतं.

बद्रीनाथनं त्याला सायकलसकट कडब्याच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. सायकल आत, कारण वाटेवर दिसली असती तर गाव गोळा झालं असतं. खोलीला वीतभर झरोका होता. त्यातून शिवनेचं एक वळण दिसत होतं आणि त्यापुढची वाट, कडूबा जिच्यासाठी वर्षभर थांबला होता ती.

अकरा वाजले, बारा वाजले. अजून निघालो तरी मुक्कामाला संगमाजवळ पोचतो, हा हिशेब तो मनात मांडत होता आणि दर तासाला संगम दोन कोस लांब जात होता. शेवटी तो झरोक्याला तोंड लावून ओरडला, "चतुरा बरी हाय!"

बद्रीनाथनं मिरवणुकीचा हलगीवाला आणून खोलीसमोर उभा केला. तो वाजवतच राहिला.

लक्ष्मीबाई रडत रडत पोळ्या लाटत होती आणि विचारणाऱ्या बायांना चुलीचा धूर दाखवत होती. तुपाचा वास कडब्यापर्यंत येत होता. निरोप आणणाऱ्याला कुणी जेवू घालत नाही, म्हणून कडूबानं भाकरी-चटणी सोडली आणि भिंतीकडं तोंड करून खाल्ली.

ऊन कलल्यावर बैल तोरणाखालून गेले. बद्रीनाथची जोडी पहिली. मग तो आला, कडी काढली, फेटा उतरवला आणि तो मांडीवर घेऊन जमिनीवर बसला. मागं लक्ष्मीबाई.

"आता सांगा. कवा झालं?"

"काय झालं नाय मामा. चतुरा जित्ती हाय. ह्याच फडक्यात तिनं भाकरी बांधून दिल्त्या."

बद्रीनाथनं रिकामं फडकं उलटंपालटं करून बघितलं.

"मंग तुमी आलाव कशापायी?"

"नदी बघाया."

"कंची नदी?"

"हीच."

बद्रीनाथनं झरोक्यातून नदीकडं बघितलं. साठ वर्षं काठावर राहून तिच्यात आपल्याला काही दिसायचं राहिलं की काय, असं.

"काम काय व्हतं?"

"काम काय नाय. ती गंगेला कुठं मिळते ते बघायचं व्हतं."

बद्रीनाथनं फेटा परत डोक्याला गुंडाळला. "यापरीस कोणी मेलं असतं," तो म्हणाला, "तर मला समजलं असतं."

लक्ष्मीबाईचा विश्वास काही बसेना. लेक डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला अन्न जाणार नव्हतं. करीच्या सकाळी लासूरहून औरंगाबादची गाडी होती. जावयानं तिला घेऊन जायचं, असं ठरलं. कडूबानं मान डोलावली. बोलून काय होतं ते दिवसभरात कळलं होतं. सायकल गार्डाच्या डब्यात चढली आणि त्याचा दुसरा दिवसही नदीकडं पाठ करून गेला.

चतुराबाई दारात तांदूळ निवडत होती. लक्ष्मीबाईनं तिला मिठी मारली, मग लांब धरून बघितलं, मग खात्रीसाठी चिमटा काढला. चतुराबाई कळवळली तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. सगळी हकीकत झाल्यावर चतुराबाईची नजर आईच्या गाठोड्याकडं गेली. आत हिरवं लुगडं होतं. सवाष्ण गेली तर माहेरचं लुगडं घालतात, ते.

"हे ठिव हितंच," ती म्हणाली.

"अगं, मयताचं हाय ते."

"मयत कुठं झालं? सहा वर्षं झाली, माहेरचं लुगडं अंगाला लागलं नाय. मेल्यावर देणार व्हतीस ते जित्तेपणी दे. मला तरी दिसंल."

लक्ष्मीबाईनं गाठोडं सोडलं. लुगडं राहिलं आणि ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. जाताना बद्रीनाथचा निरोप सांगून गेली, सायकल विकून टाका.

कडूबा सायकलीजवळ जाऊन उभा राहिला. आता बायको काय म्हणेल ते त्याला माहीत होतं.

"नदी खाली कशी हाय?" चतुराबाईनं विचारलं.

"तुला ठावं. तुझ्या गावची."

"मला कसं ठावं? लगीन हुईस्तोवर त्याच पाण्यात धुणं धुतलं. घाटावर जायचं, बडवायचं, घरी यायचं. त्याच्या खाली कुणी जाऊ दिलंय?" तिनं सूप बाजूला ठेवलं. "म्होरल्या पोळ्याला मी येते. बाई मागं बसलेली दिसली की कोणी मेलं नाय, हे लांबूनच कळतं."

दुसऱ्या दिवशी कडूबानं मोहियोद्दीनकडून कॅरिअरवर जाड गादी बसवून घेतली. "आखिर माल मिल गया," मोहियोद्दीन म्हणाला. पहिल्याच फेरीला कडूबानं वजन अजमावलं. सव्वा मण. पोत्याच्या निम्मं. पण पोतं बोलत नाही आणि वळणावर उलट्या बाजूला कलत नाही. वर्षभर अमावास्येला सराव करून तिचं कलणं त्यानं सुधारलं. बोलणं सुधारलं नाही.

पुढच्या पोळ्याला दोघं निघाली. सासूच्या हातचं जेवली, बद्रीनाथच्या बैलांना निवद दाखवला, आणि काठाकाठानं खाली गेली. डोक्याला पटका होता. कुणी तांब्या पुढं केला की कडूबा घामाच्या अंगानंच पाणी पिऊन मोकळा व्हायचा. चढाला दोघंही उतरत. मुक्काम एका देवळाच्या पडवीत झाला आणि करीच्या सकाळी वाट संपली. शिवना गढूळ होती, गंगा त्याहून गढूळ. कुठं एक संपते आणि कुठं दुसरी सुरू होते, ते सांगायला कुणाला का जमलं नाही हे कडूबाला तिथं कळलं. तरी तो तासभर बघत बसला.

काठाला नाव होती. नावाड्यानं विचारलं, "पलीकडं कुणाकडं?"

"कुणाकडं नाय," चतुराबाई म्हणाली आणि लुगडं खोचून नावेत जाऊन बसली.

कडूबानं सायकल उचलून आत ठेवली. कनवटीला सुगीतल्या जादा पोत्यांचे पैसे होते. ते दोन माणसं आणि एक सायकल, जाऊन येऊन, एवढ्या नावभाड्यात गेले.