तव्यावरची पहिली भाकरी

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकच गोष्ट लपवली, आणि तीच त्यांना घेऊन गेली.

आज वर्ष झालं.

बारामतीत विमान चालवायला शिकवतात, तिथे हे सेफ्टी ऑफिसर होते. माझ्या लासुर्ण्याच्या आत्याने एकदा विचारलंही होतं, "जावईबापू, इमान पडलं तर तुमी खाली झेलता व्हय?"

यांचं काम वेगळंच. ज्याच्या हातून चूक झाली त्याने स्वतः येऊन सांगावं, यासाठी जिवाचं रान करायचे.

एकदा एका मेकॅनिकचा पाना इंजिनापाशीच राहिला. विमान निघायच्या आत तो धापा टाकत यांच्याकडे आला. यांनी विमान थांबवलं, पाना काढायला लावला आणि त्याला चहा पाजला.

मग भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवून घेतली. एक जागा जरी रिकामी दिसली तरी विमान हलायचं नाही.

"चहा कसला पाजता? चांगलं झापायचं की!" मी म्हटलं.

"आगं, आज झापला तर उद्या त्यो सांगणार न्हाय. मग?"

ही सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टीम साहेबांनी घरातही आणली.

जेवायला बसलं की प्रश्न ठरलेला. "बोला, आज काय होता होता राहिलं?"

जो खरं सांगेल त्याला तव्यावरची पहिली भाकरी. सांगणाऱ्यावर ओरडायचं नाही, हा नियम खास माझ्यासाठी. माझं तोंड सगळ्या गल्लीला माहीत आहे.

गेल्या वर्षी भवानीनगरला एका लग्नात यांच्या छातीत कळ आली. दरदरून घाम फुटला.

मित्राला म्हणाले, "पित्त झालं आसंल. घरी बोलू नगंस, ती घाबरंल."

हे मला त्या मित्राने सांगितलं. सगळं उरकल्यावर.

त्याच रात्री घरी जेवताना लेकीने विचारलं होतं, "पप्पा, आज तुमचं काय?"

"आपलं समदं ओके हाय."

सकाळी उठलेच नाहीत.

वर्षभर आमच्या घरात तो प्रश्न कुणी विचारला नाही. मला जमलंच नाही.

आज लेक आपणहून म्हणाली, "मम्मी, एमआयडीसीच्या वळणावर माझी स्कूटी घसरता घसरता राहिली."

ओरडायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

पहिली भाकरी तिच्या ताटात वाढली. मग दोघी रडलो.

फार आठवण येते हो तुमची.

सांगायचं होतं ना. मी ओरडले नसते.

भाकरी तव्यावरच होती.