मामांच्या डाव्या हाताचा नकाशा

बिरूमामा गेले ही बातमी मला दौंडच्या शाळेत कळली. शिपाई वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, "सर, ऑफिसात फोन आहे, वडगाव रासाईवरून." फोनवर मामांचा मुलगा सोपान होता. "दादा, आबा गेलं. खाटंवर बसून च्या पीत होतं, कप तोंडाला लावला आन्..." आणि तो रडू लागला. अशा वेळी माणसानं धीराचं काहीतरी बोलावं. मी विचारलं, "कप कुठल्या हातात होता रे?" पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग सोपान म्हणाला, "डाव्या." आणि आम्ही दोघंही, तो रडता रडता आणि मी फोनची वायर बोटाला गुंडाळत, हसलो. हेडमास्तरांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेला उत्तर देणं राहूनच गेलं. ते आज देतो.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. आजोबांच्या काळात घर मेंढरांमागं फिरायचं. मामांच्या काळात ते भीमेकाठी स्थिरावलं, कांदा आणि ऊस करू लागलं. तरी मामांनी मेंढरं ठेवलीच. "रान पोटासाठी हाय, मेंढरं माझ्यासाठी," असं ते सरळ सांगत. कातरणीत त्यांच्यासारखा माणूस आसपास नव्हता. डाव्या हातानं कातडं ताणून धरायचं आणि उजव्या हातातली कातर त्यावरून अशी फिरवायची, की काळी लोकर गोधडी उलगडावी तशी एकसंध बाजूला पडे. मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचो. प्रेक्षक असले की मामा जरा जास्तच ऐटीत कापत.

एका सकाळी कांद्याला पाणी देताना त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. दवाखाना झाला, पाय हळूहळू सुधारला, पण हात मागं राहिला. बोटं जराशी हलत, पण धरवत काही नसे. दुसरा उन्हाळा आला तरी तेच. सोपान कंपनीत शिफ्टला जाई. एकदा त्यानं माझ्यासमोरच सांगून टाकलं, "आबा, पावसाआधीच्या कातरणीला तुमचा हात चालला तर बरं, न्हाईतर मेंढरं बाजारात. मला ड्युटी हाय, कापायला मानूस भेटत न्हाई, किती दिवस लोंबकळत ठेवायचं?" पोरगा वाईट नव्हता, त्याचं म्हणणंही चूक नव्हतं. मामा उठले आणि मेंढरांकडं जाऊन बसले.

त्याच सुमारास दौंडच्या आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, की पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई असे हात गेलेले पेशंट शोधताहेत. सुई नाही, चिरफाड नाही. डोक्याबाहेरून चुंबकाचा झटका देऊन मेंदूचा कुठला भाग हात हलवतो ते बघतात. मेच्या सुट्टीत मी मामा-मामींना केडगाव स्टेशनावरून गाडीत घातलं आणि निघालो.

डॉक्टरबाईंच्या खोलीतला तो प्रवेश मी आजही घरी करून दाखवतो. पहिली अडचण पागोट्याची. ते काढायचं म्हटल्यावर मामांनी बाईंकडं असं पाहिलं, जणू त्या धोतरच मागताहेत. मग बाईंनी नियमाचा प्रश्न विचारला, "डोक्यात लोखंडाचा तुकडा वगैरे काही आहे का?" मामींनी तत्परतेनं उत्तर दिलं, "त्यांच्या डोस्क्यात काय बी न्हाई बाई. लग्न झाल्यापासनं बघतीया." बाई हसल्या, मामा हसले नाहीत. मग डोक्यावर ठिपके मारलेली टोपी, अंगठ्याच्या मुळाशी चिकटवलेल्या दोन तारा, आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं चुंबकाचं एक वेटोळं उजव्या कानाच्या वर. टक! काहीच नाही. वेटोळं जरा सरकवलं. टक! आणि मामांचा डावा अंगठा बेडकासारखा उडाला.

"मी न्हाई हालवला!" मामा ओरडले, जणू कुणी चोरीचा आळ घेतला होता.

बाईंनी एकेका ठिपक्यावर टक करून पाहिलं. जिथं अंगठा उडाला ते ठिपके कागदावर काळे केले. मूठभरच निघाले. मामांची समजूत झाली की हेच औषध. त्यांनी हळूच विचारलं, "बाई, आनखी धा-बारा टक मारता का? लांबनं आलोय." बाईंनी समजावलं, की टक म्हणजे फक्त मोजणी आहे. मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही, पण शेजारचा भाग त्याचं काम शिकू शकतो. मात्र काम अंगावर पडल्याशिवाय तो शिकत नाही. म्हणून उपाय असा, की चांगला उजवा हात जाड सुती पिशवीत बंद करायचा, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, दोन आठवडे. सगळं डाव्यानं. मग पुन्हा टक करून ठिपक्यांचा हा नकाशा बदलला का ते बघायचं. वर रोजचे व्यायाम, ते करून घेण्याची जबाबदारी मास्तर म्हणून माझ्यावर.

"आन् जेवायचं?" मामा.

"डाव्यानंच."

मामांचा चेहरा पडला. आमच्याकडं डाव्या हातानं कुणाला पैसासुद्धा देत नाहीत, आणि बाई भाकरीचं बोलत होत्या. बरीच घासाघीस झाली. शेवटी बाईंनी तीन वेळांना पिशवी काढायची सवलत दिली: अंघोळ, परसाकडं आणि देवपूजा. बाई शहरातल्या, तिथंच फसल्या. कारण वडगावला परतल्याबरोबर मामांची भक्ती उफाळून आली. बिरोबा झाला, खंडोबा झाला, मग तुळस, मग गाय. न्याहारीला पिशवी काढलेली बघून मी विचारलं तर म्हणाले, "भाकर म्हंजी अन्नदेवता. तिला डावा हात लावू का?" दुपारी तंबाखू मळताना पकडलं. तंबाखूत कुठला देव असतो, हे मात्र त्यांना सांगता येईना.

मी हात टेकले आणि मामींना सगळं सांगितलं. कातरणी तोंडावर आली होती. रात्री त्यांनी अंगणात ताटं वाढली, मामांच्या उजव्या हातावर पिशवी चढवून नाडी आवळली, समोर बसल्या आणि स्वतः डाव्या हातानं भाकरी मोडली. शेजारीण कुंपणापलीकडून बघत होती.

"अगं, काय करतीस? लोक बघत्यात!"

"बघू द्या. बाटायचं तर दोघं मिळून बाटू. मेंढरं गेली तर दिसभर माझ्याच डोस्क्यावर बसणार हाय तुम्ही. जेवा गुमान."

मामा जेवले. पहिला घास मिशीत, दुसरा सदऱ्यावर, तिसरा कुठंतरी तोंडाच्या आसपास. आमटीची वाटी दोनदा कलंडली. पण त्या दिवसापासून देव कमी झाले आणि व्यायाम वाढले. शेंगा उचलणं, बादलीची कडी धरणं, लोकर पिंजणं... मामा शिव्या देत पण करत. मामी त्या दोन आठवड्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्यासमोर डाव्या हातानंच जेवल्या.

पुण्याला परत गेलो. टोपी, तारा, वेटोळं, टक. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पहिल्यावर मूठभर ठिपके, दुसऱ्यावर ते चहूकडं पसरलेले. मी घसा साफ करून शास्त्र सांगायच्या तयारीत होतो, तेवढ्यात मामा वाकले, निरखून पाहिलं आणि म्हणाले, "वाघरीतनं सुटली की. चराया पांगल्यात." वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायचं जाळं. बाईंनी मला अर्थ विचारला आणि तो शब्द कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

हात पूर्ण आला असं मी सांगणार नाही. पकड कच्चीच राहिली. कातरणीला मामांनी पहिली मेंढी घेतली आणि अर्धं अंग कापलं, तोवर ती निसटली आणि एका बाजूनं उघडी, दुसऱ्या बाजूनं केसाळ अशी गावभर हिंडली. पोरं मागं, मामा काठी टेकत त्यांच्या मागं. सोपान ड्युटीवरून येत होता, त्यानंच ती वेशीपाशी धरून आणली. मामांनी उरलेली लोकर कापली. उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत होती ती मेंढी. सोपाननं मेंढीकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. "ऱ्हाऊ द्या मग," एवढंच म्हणाला. मेंढरं राहिली. पुढची सगळी वर्षं मामांनीच कापली, हळूहळू, दिवसाला जमतील तेवढी.

परवा, चौदावा होऊन काही आठवडे गेल्यावर, वडगावला गेलो. कातरणी लांबत चालली होती. मेंढरांचं पुढं काय, हे मी विचारलं नाही, पण सोपाननं रजा टाकली होती आणि कातरीला धार लावून आणली होती. त्यानं एक मेंढी आडवी केली आणि सगळे बांधतात तसे तिचे पाय दोरीनं बांधू लागला. मेंढी अशी उसळली की सोपान पाठीवर आणि कातर उकिरड्यात.

मामी दारातून म्हणाल्या, "दोरी कशाला? तुझ्या आबांनी दुखण्यापास्नं कवाच बांधली न्हाई. गाठच मारता यायची न्हाई त्यांना. नुसतं मांडीवर डोकं घ्यायचं आन् हात ठिवून बसायचं. घाई न्हाई करायची."

सोपाननं दोरी टाकली. मांडी घालून बसला, मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं आणि डावा पंजा तिच्या मानेवर ठेवला. तिनं एकदा पाय झाडला. मग मान लांब केली, डोळे अर्धे मिटले आणि सैल पडून राहिली. तिच्या डोक्यावर कुणी वेटोळं धरलं नव्हतं, नकाशा काढला नव्हता.

सोपान कितीतरी वेळ तसाच बसला.

"काप की आता," मामी म्हणाल्या.

"व्हय," तो म्हणाला. "जरा थांब..."