ह्यांनी तापवलेलं दूध

मैत्रिणींनो, आज आमच्या घरी काय झालं ते ऐका. हसायला हरकत नाही.

आमची सून केतकी बाळंतपणाच्या रजेनंतर नुकतीच परळच्या ऑफिसात पुन्हा रुजू झाली. तिथे कॅरमसाठी खोली आहे, आईसाठी नाही. म्हणून ती मोडक्या खुर्च्यांच्या गोदामात बसून बाळासाठी दूध काढते आणि घरी आणून फ्रिजमध्ये ठेवते.

आज दुपारी आमच्या ह्यांना ते दिसलं. घरात आलेलं दूध तापवायचंच, ही ह्यांची जन्माची सवय. तेवढंसं दूध करपून भांड्याला लागलं आणि वर मलाच विचारतात, "अगं, आज दूध एवढंसंच का घेतलंस?"

तोवर नातवाने भोकाड पसरलं होतं. मी त्याला उचललं, ह्यांना पुढे घातलं आणि नायगावहून टॅक्सीने थेट केतकीचं ऑफिस गाठलं.

तिचे साहेब म्हणाले, "मॅडम, इथे लहान मुलं आणता येत नाहीत."

मी म्हटलं, "मग ह्याला मेमो द्या. ऑफिसच्या वेळेत भूक लागली म्हणून."

नातवाने आवाज आणखी चढवला, तशी साहेबांनी निमूट स्वतःची केबिन उघडून दिली. केतकी आत बाळाला पाजत होती आणि आमचे हे दाराबाहेर रखवालदारासारखे उभे होते.

निघताना साहेब म्हणाले, "उद्यापासून कॅरमची खोली दुपारी मोकळी ठेवू."

"नुसती मोकळी नको. किल्ली केतकीकडे द्या."

दिली.

तुमच्या ऑफिसात आई कुठे बसते? जागा नसेल तर कळवा. नातू आणि मी, दोघंही रिकामेच आहोत.