राग किती बाय किती?

माझा दादा घरं रंगवतो. मध्ये चार-पाच महिने रंगवत नव्हता, आणि पुन्हा कसा लागला तेच सांगायला बसले आहे. मी त्याची धाकटी बहीण, धंद्याने शिंपीण. घरचे म्हणतात, हिची कात्री दुकानात बंद होते, जीभ होत नाही. म्हणोत बापडे. दादाबद्दल दुसऱ्या कुणालातरी बोलावंच लागतं, कारण तो स्वतः दिवसाला चार शब्द खर्च करतो आणि त्यातले दोन "वाळू दे" असे असतात.

एकतीस वर्षं त्याने आणि त्याच्या जोडीदाराने मिळून रंगकाम केलं. दोघांची एकच हातगाडी, एकच रेडिओ, एकच मोडकं स्टूल. बोलायचं काम जोडीदाराकडे होतं. मग एका सकाळी तो घरी चहा पिता पिता गेला. "कप अर्धा होता," एवढं दादाने आम्हाला सांगितलं आणि तिथून पुढे तोंडच मिटलं. कामं आली, त्याने मान हलवून नाही म्हटलं. ताट समोर ठेवलं तर जेवायचा, उचललं तर उठायचा. दिवसभर खिडकीत बसून समोरच्या इमारतीकडे बघायचा. त्या इमारतीचा रंग पार गेलेला, भिंतीला हातहातभर पोपडे, आणि दादाने त्यावर एकदाही नाक मुरडलं नाही. तेव्हा मात्र मी घाबरले. आई गेल्यावरसुद्धा हा माणूस स्मशानातून परतताना रस्त्यातल्या एका फाटकाच्या रंगाला नावं ठेवत आला होता.

वहिनी नर्स आहे. तिने त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी झोप विचारली, भूक विचारली, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "दर मंगळवारी एक वर्ग असतो. मनात जे साचलंय ते लोक रंगांनी बाहेर काढतात. यांनाही पाठवा."

"डॉक्टर, हे रंगारी आहेत," वहिनी म्हणाली.

"मग तर सोपंच जाईल," डॉक्टर म्हणाले. एवढं शिकून माणूस असं बोलू शकतो.

मंगळवारी वहिनीची ड्यूटी आणि माझं दुकान बंद, तेव्हा त्याला घेऊन जायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वर्ग पोस्टाच्या वरच्या मजल्यावर, एका लांबट खोलीत भरायचा. वर्ग घेणारी मुलगी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण सगळे तिला ताई म्हणायचे म्हणून मीही म्हणू लागले. प्रत्येकाला तिने दाराएवढी प्लायवूडची फळी दिलेली. "इथे चांगलं-वाईट काही नसतं," ताई म्हणाल्या. "जे आत आहे ते बाहेर येऊ द्या."

दादाने फळीवर टिचकी मारली. "प्रायमर लावलेला नाही," तो म्हणाला. पूर्ण वाक्य होतं ते. मी बाहेर जाऊन वहिनीला फोन केला.

मी नुसती बसून राहणार होते, पण ताई म्हणाल्या की इथे प्रेक्षक चालत नाहीत. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. मी चिडून ब्रश उचलला आणि माझ्या आतून एक वांगं बाहेर आलं. ताई म्हणाल्या, "छान. त्याच्याशी बोला." मी बोलले नाही.

बाकी तिघं जुनी होती. एक गणिताच्या निवृत्त बाई. चाळीस वर्षं शाळेत कधी आवाज चढवला नाही आणि आता साठवलेला सगळा राग फळीवर थापत होत्या, लाल आणि काळा, कधी ब्रशने, कधी थेट मुठीने. दुसरा बसचा ड्रायव्हर. सिग्नलला गाडी थांबली की त्याची छाती धडधडायची, घाम फुटायचा. त्याने आपली भीती कोपऱ्यात काढली होती, राखाडी, मुठीएवढी. तिसऱ्या होत्या ग्रंथालयातल्या बाई. त्या नुसते पिवळे गोळे काढायच्या आणि विचारलं तर पुटपुटायच्या. खाली मुंडी, पाताळ धुंडी, असं मी त्यांच्याबद्दल पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

आणि दादा? पहिल्या मंगळवारी त्याने फळीची भोकं पुट्टीने बुजवली. दुसऱ्या मंगळवारी पॉलिश पेपरने घासली. तिसऱ्या मंगळवारी प्रायमर. चौथ्या मंगळवारी पुन्हा पॉलिश पेपर. ताईंनी शेजारी बसून हळूच विचारलं, "यात काय चाललंय?"

"वाळतंय," दादा म्हणाला.

सातव्या मंगळवारी सकाळीच वहिनीचा फोन आला. "अगं, हे एकटेच निघाले. ब्रशची पिशवी घेऊन गेलेत." ती पिशवी जोडीदार गेल्यापासून पलंगाखाली होती. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले, आनंदाने. म्हटलं, सुटला माझा भाऊ.

वर्गाच्या दारावर पुठ्ठा लटकत होता: रंग ओला आहे. आत गेले. पाचही फळ्या पांढऱ्याशुभ्र. रंगाचे दोन हात मारलेले, कडा नीट, कुठे एक थेंब ओघळलेला नाही. लाल राग नाही, राखाडी भीती नाही, पिवळे गोळे नाहीत. माझं वांगंही गेलं होतं, त्याचं मला दुःख नाही. मध्ये मोडक्या खुर्चीवर दादा ब्रश धूत बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काम झाल्याचं समाधान होतं. किती महिन्यांनी पाहिलं मी ते.

"दादा, हे काय केलंस?"

"सगळ्यांच्या फळ्या डागाळल्या होत्या," तो म्हणाला. "माणसं आधीच त्रासलेली. त्यात दर आठवड्याला असले डाग बघत बसायचं. म्हटलं, स्वच्छ करून द्यावं."

तेवढ्यात गणिताच्या बाई आल्या. पुठ्ठा वाचून त्यांनी दाराला अंग लागू न देता पाऊल आत टाकलं आणि थांबल्या. "माझा राग कुठे गेला?"

"कुठला?"

"तो. लाल."

"तो होय," दादा म्हणाला. "तो चिवट होता, पण झाकला."

"आठ आठवडे लागले होते मला त्याला."

"मला दीड तास," दादा नम्रपणे म्हणाला. त्याला वाटलं कौतुक चाललंय.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते असं. ड्रायव्हर आला आणि आपल्या कोऱ्या कोपऱ्यापुढे उकिडवा बसला. ग्रंथालयातल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी हातातले ब्रश परत डब्यात ठेवले. मग हळूहळू दादाच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा उतरला. मला माहीत होतं, हा आता इथून गेला की थेट त्या खिडकीत बसणार आणि मग त्याला तिथून कुणीच उठवू शकणार नाही. "चुकलं माझं," तो म्हणाला, पिशवी उचलली आणि दाराकडे निघाला.

दारापर्यंत गेला आणि अडला. रंगाऱ्याच्या धंद्यात एक नेम आहे: काम बिघडवलं तर ते पुन्हा करून दिल्याशिवाय गिऱ्हाईकाचं घर सोडायचं नाही. एकतीस वर्षांत त्याने तो मोडला नव्हता. तो परत आला. पिशवीतून वही काढली, कानावर पेन्सिल अडकवली, मोजपट्टी आणि रंगांचं नमुनापुस्तक काढलं आणि गणिताच्या बाईंपुढे उभा राहिला.

"राग किती बाय किती होता?"

बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. पण माप विचारलं की गणिताच्या माणसाला गप्प बसवत नाही. "तीन फूट बाय चार," त्या म्हणाल्या. "खाली निमुळता."

"यातला कुठला लाल?"

बाईंनी सहा लाल नापास केले. "हा फार हसरा आहे. हा लिपस्टिकचा. हा, हा घ्या."

"चकचकीत की बिनचमकीचा?"

"एरवी बिनचमकीचा," बाई विचार करून म्हणाल्या. "मुख्याध्यापक आठवले की चकचकीत."

दादाने तसं लिहून घेतलं. मग ड्रायव्हरकडे वळला. "भीती मुठीएवढी होती ना?"

"आज लिंबाएवढीच काढा," ड्रायव्हर म्हणाला. "मघापासून शोधतोय, सापडत नाहीये."

ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, "ते गोळे म्हणजे मी न बोललेली वाक्यं आहेत."

"किती?"

"सतरा."

"सगळी एकाच मापाची?"

"एक मोठं आहे. सासूबाईंचं."

माझ्याकडे बघून त्याने तोंड उघडलं. "वांगं किती बाय..."

"मार खाशील, दादा," मी म्हटलं.

ताई हसायला लागल्या आणि मग त्यांना थांबताच येईना. दादा वही मिटणार, तर गणिताच्या बाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. पेन्सिलही घेतली, थेट कानावरून. "आता तुमची फळी," त्या म्हणाल्या.

"माझी पांढरीच होती."

"चाळीस वर्षं कोऱ्या उत्तरपत्रिका बघितल्यात मी. कोरी ठेवणाऱ्याला काही येत नसतं असं नाही. सांगा, किती बाय किती?"

दादा उभाच राहिला. खालून पोस्टातले शिक्के मारल्याचे आवाज येत होते. मला वाटलं, आता म्हणेल, वाळतंय.

"साडेपाच फूट उंच," तो म्हणाला.

बाईंनी लिहिलं. "रुंदी?"

"दीड. बारीक होता."

"फळीवर कुठे?"

"वर. शिडीवर." दादाने घसा खाकरला. "तो कायम वरच असायचा. मला उंचीची भीती वाटते, बाई. तिसऱ्या पायरीवर पाय लटपटतात. एकतीस वर्षं वरचं सगळं काम त्याने केलं. गिऱ्हाइकांना सांगायचा की वर एकाच माणसाचा हात फिरायला हवा, नाहीतर रंग जुळत नाही. तसं काही नसतं. माझ्यासाठी खोटं बोलायचा तो. आता काम घेतलं तर लोकांना कळेल, म्हणून घेत नाही."

मी त्याची सख्खी बहीण. मला माहीत नव्हतं. वहिनीलाही नव्हतं. त्या खिडकीत बसलेल्या माणसाला मी रोज सुनावत होते की ऊठ, कामाला लाग, हातपाय हलव. लाज वाटली मला, खूप वाटली. दादा रडत होता, अगदी नाक वाहेपर्यंत. गणिताच्या बाईंनी त्याला गप्प केलं नाही. त्यांनी वहीत 'शिडी' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. ड्रायव्हरने त्याला आपला रुमाल दिला. त्या रुमालाने दादाच्या तोंडाला इतकं ग्रीस लागलं की ते घालवायला वहिनीला संध्याकाळी रॉकेल घ्यावं लागलं.

एका दिवसात बरा झाला असं मी सांगणार नाही. गोळ्या चालू आहेत, मंगळवार चालू आहेत. पण महिन्याभराने त्याने एक काम घेतलं. गणिताच्या बाईंचं स्वयंपाकघर. त्यांनी अट घातली होती की छत त्या स्वतः रंगवणार. वय सहासष्ट. मी चहाचा थर्मास घेऊन गेले तर बाई शिडीच्या टोकावर, चष्म्यावर पांढरे ठिपके, आणि दादा खाली दोन्ही हातांनी शिडी आवळून उभा. तो त्यांना सांगत होता की जोडीदार छत कुठून सुरू करायचा, मान अवघडली की कसा शिव्या द्यायचा, कुठली गाणी चुकीची म्हणायचा. मध्ये थांबत नव्हता. इतकी वाक्यं मी त्याच्या तोंडून आयुष्यात ऐकली नव्हती.

"अहो, हा पट्टा बाजूच्या पट्ट्याशी जुळत नाहीये," बाई वरून म्हणाल्या.

दादाने मान वर केली. छत खरंच भयंकर दिसत होतं.

"राहू द्या, बाई," तो म्हणाला. "तो असता तर पोट धरून हसला असता." आणि स्वतःच हसायला लागला, शिडी न सोडता.