साडूचा वेग

वेळ नाही, वेळ नाही म्हणणारी माणसं जगात पुष्कळ भेटतात. माझ्या साडूकडे मात्र वेळ इतका आहे की तो वाचवण्यातच त्याचे सगळे दिवस जातात. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत त्याच्याइतका वेगवान कॉम्प्युटर कुणाकडे नसेल आणि त्याच्याइतका संथ माणूसही नसेल, हे मी घरचा माणूस म्हणून खात्रीने सांगतो. तसा तो अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला आहे. सुट्टीच्या दिवशी नात्यागोत्यातल्या लग्नांचं शूटिंग करतो आणि बदलापुरात मांजर्लीच्या घरी बसून त्यांच्या फिल्म बनवतो. बनवतो म्हणजे बनवायला घेतो. शूटिंग कॉम्प्युटरवर चढलं की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, हे आणखी लवकर चढलं असतं का? झालं. फिल्म बाजूला राहते आणि साडू स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागतो.

त्याचं म्हणणं असं, की एकच हार्डडिस्क वापरणं म्हणजे अख्ख्या पंगतीला एकच वाढपी. चार डिस्क जोडल्या की काम भराभर होतं, पण त्या कशा जोडायच्या यात खरी अक्कल आहे, आणि या जोडणीला म्हणतात 'रेड'. हे मला नीट कळावं म्हणून त्याने वांगणीला एका लग्नात भर पंगतीत प्रयोग केला. आधी दोन वाढप्यांच्या हातात तोच भात देऊन त्यांना एकामागोमाग पाठवलं. "हे रेड वन, दादा. एक पळाला तरी दुसरा आहे. सेफ, पण स्लो." पुढच्या पंगतीला चौघांना एकेक पदार्थ वाटून दिला आणि चौघांना एकदम सोडलं. "हे रेड झिरो. आता स्पीड बघा!" असं म्हणून त्याने मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. पंगत खरोखर सपाट्यात वाढून झाली. फक्त भाताचा वाढपी फोन आला म्हणून मांडवाबाहेर गेला तो गेलाच. चाळीस माणसं वरण, मठ्ठा आणि जिलबीकडे बघत बसून राहिली. नवरीचे मामा लाल होऊन आले, "कोणी लावलंय हे?" साडू अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "रेड झिरोमध्ये एवढंच असतं मामा. एक गेला की सगळंच गेलं. पण टाइम बघितलात का?" पुढे त्याने रेड फाइव्ह केलं, रेड टेन केलं, प्रत्येकाचे आकडे वहीत लिहिले, आणि फिरून फिरून तो रेड झिरोवरच आला. एका फाइलमागे सव्वा सेकंद वाचला तर तो मला फोन करून सांगायचा. तो सेकंद सांगायला त्याला पाऊण तास लागायचा.

डिस्क घ्यायला तो उल्हासनगरला एकाच दुकानात जातो. डिस्क कानाला लावायची, हलवायची, हुंगायची, उजेडात धरायची, परत ठेवायची आणि पहिलीच पुन्हा मागायची. दुकानदार सिंधी, आणि गिऱ्हाइकाला देव मानणारा. पण एकदा त्याचाही बांध फुटला. "अरे साईं, आप डिस्क लेने आते हो कि बेटे के लिए लड़की देखने?" यावर साडूने त्याला गंभीरपणे सांगितलं, "सेठ, लडकी एक पसंद करनी होती है. मेरे को चार चाहिए, और चारों की आपस में जमनी चाहिए." सेठने त्या दिवशी चहा मागवला आणि तेव्हापासून तो आला की आधी चहाच मागवतो.

एका पावसाळ्यात नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं तेव्हा साडूचा तळमजला गुडघाभर बुडाला. लोकांनी गॅस सिलेंडर, पोरं, म्हातारी माणसं वर हलवली. साडूने चारही डिस्क पंच्यात गुंडाळून प्रेशर कुकरमध्ये ठेवल्या, झाकण लावलं, शिट्टीच्या जागी मेणबत्तीचं मेण ओतलं आणि कुकर डोक्यावर घेऊन तो निघाला. होडीतल्या माणसाला वाटलं, काकांना भूक आवरत नाही. मागून माझी मेहुणी पदर खोचून पाण्यातून येत होती. "अहो, मी बुडतेय इकडे!" ती ओरडली. "तुला पोहता येतं गं," साडू मागे न बघता म्हणाला, "यांना नाही येत." हे वाक्य ती आजही प्रत्येक हळदीकुंकवाला सांगते आणि तो प्रत्येक वेळी विचारतो, "मग, चुकीचं काय बोललो?"

पण त्या कुकरात माझ्या लेकीचं लग्न होतं, हे मला नंतर कळलं. तिच्या लग्नाचं शूटिंग त्यानेच केलं होतं आणि त्याला आता तीन वर्षं होत आली होती. त्या लग्नात आमचे सासरे, म्हणजे आबा, वरातीत नाचले होते. आयुष्यभर ज्यांनी हसताना दातसुद्धा दाखवले नाहीत ते आबा नातीच्या वरातीत खिशातला रुमाल काढून नाचले, आणि त्यानंतर दीड वर्षाने गेले. फिल्म काही झाली नाही. सासूबाई दर सणाला साडूला म्हणायच्या, "जावईबापू, एकदा यांना नाचताना बघू द्या हो." तो म्हणायचा, "आई, कच्चं नाही दाखवत मी. जरा स्पीड सेट होऊ दे." त्याच्याकडे या शूटिंगची जादा प्रत ठेवलेली एक डिस्क होती. ती कपाटात नुसती बसून खाते, असं वाटून त्याने तिलाही कामाला जुंपलं आणि तिनाच्या चार केल्या. म्हणजे वेग वाढला, आणि आबांचं नाचणं जगात एकाच ठिकाणी उरलं, तेही चार तुकड्यांत.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. कंपनीत पाने-पक्कड पुजून आलेला साडू घरी आला आणि त्याला वाटलं, आपलं खरं हत्यार राहिलंच. त्याने चारही डिस्क कॉम्प्युटरच्या खोक्यातून काढून मेहुणीच्या हातात दिल्या. तिने त्या पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवले. ती पाणी शिंपडायला गेली तेव्हा मात्र साडू किंचाळला, "पाणी मनात शिंपड!" आरती झाली, डिस्क परत आत गेल्या, बटण दाबलं, आणि पडद्यावर काहीच आलं नाही. कुठली डिस्क कितवी हे पाटावरून उचलताना साडू विसरला होता. डिस्क जोडणाऱ्या त्याच्या त्या जुन्या कार्डाला पहिली कोण आणि चौथी कोण हे फक्त जागेवरून कळतं. डिस्कवर नंबर लिहिलेली स्टिकरं होती, पण स्टिकरमुळे डिस्कला वारा लागत नाही म्हणून ती त्याने गेल्याच महिन्यात खरवडून काढली होती.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सोनं द्यायला म्हणून आम्ही सगळे तिथे गेलो तर साडू जमिनीवर बसलेला. दाढी वाढलेली, समोर वहीत चार डिस्क लावायच्या चोवीस तऱ्हा लिहिलेल्या. सहा करून झाल्या होत्या. "दादा," तो मला म्हणाला, "चुकीच्या रांगेत चुकून काही लिहिलं गेलं ना, तर आबा गेले." आबा गेले होतेच, पण त्या क्षणी मला ते सुचलं नाही. सासूबाई कोपऱ्यात आपट्याची पानं हातात धरून बसल्या होत्या. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याच्याकडे बघून तो करता येईना.

इतक्यात मेहुणीने सातव्या खेपेसाठी काढलेल्या डिस्क उचलून खिडकीशी नेल्या. "अहो, तुम्ही मला कशा दिल्या होत्यात? वरून खाली?"

"वरून खाली. पहिली आधी."

"मग हे बघा ना. कुंकवात बोट मी एकदाच बुडवलं होतं."

आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. पूजेचं कुंकू पुसायचं नाही म्हणून त्याने ते तसंच ठेवलं होतं. एका डिस्कवर कुंकू ठसठशीत होतं, दुसरीवर जरा कमी, तिसरीवर फिकट आणि चौथीवर नावाला. साडूने पंधरा वर्षांत ज्या बाईला खोक्याला हातही लावू दिला नव्हता, तिने त्या स्वतःच्या हाताने खोक्यात लावल्या. बटण दाबलं. पडद्यावर लेकीचा मांडव उभा राहिला.

साडूने थेट वरात लावली. आबा रुमाल फिरवत नाचत होते, कुठल्याच तालात नाही, पण मनापासून. मग धापा टाकत ते कॅमेऱ्याजवळ आले, घाम पुसला आणि म्हणाले, "जावईबापू, हे मला कधी दाखवणार?" कॅमेऱ्यामागून साडूचा ऐटबाज आवाज आला, "आठ दिवसांत, आबा. हमखास!"

सासूबाई म्हणाल्या, "परत लावा." त्याने परत लावलं. मग कपाटातून एक साधी, जुनी, गोगलगाय डिस्क काढून त्याने सगळं शूटिंग तिच्यावर उतरवायला घेतलं. पडद्यावर पाच तास दाखवत होतं. मी म्हटलं, "साडूभाऊ, फार वेळ दाखवतंय हो." वहीकडे न बघता तो म्हणाला, "दाखवू दे, दादा. नीट होऊ दे."

आठव्या दिवशी फिल्म घरी आली. साडू स्वतः घेऊन आला आणि दारातूनच परत गेला. शूटिंगमधले बाहेरचे आवाज काढून त्यावर सनई घालायची असते, एवढं मलाही आता कळतं, आणि त्याने ते सगळीकडे केलं आहे. फक्त वरातीत एका ठिकाणी सनई थांबते, आबा विचारतात, आणि त्यावरचा स्वतःचा आवाजही त्याने तसाच ठेवला आहे.