तुटलेल्या तारेची गाठ
शेजारी दाराला पॉलिश चाललंय. त्या वासानं भवानी पेठेतली आमची गच्ची आठवली. इलेक्ट्रिक गिटारचे सुटे भाग मागवून मी ती तिथं घरीच जोडत होतो. यंत्रमागाच्या खडखडाटात कान गमावलेल्या वडिलांनी लाकूड घासलं, पॉलिशही केलं. मी तारा चढवल्यावर ते, मागावरच्या धाग्यांसारखा सगळ्यांचा ताण बोटानं चाचपत, खुंट्या पिळून सारखा करायला गेले आणि बारीक तार तुटली. तुटला धागा जोडायच्या सवयीनं त्यांनी टोकं जुळवून गाठ मारायला घेतली. पोलादी तार निसटत राहिली, बोटातून रक्त आलं. मी कानाशी ओरडलो, "अण्णा, नवीच लावायची असते!" "तुटलं की टाकायचं व्हय?" म्हणत ते खाली गेले आणि असेपर्यंत गिटारकडं फिरकले नाहीत. नवी तार लावली, गिटार छान वाजते. पण ती त्यांना ऐकू येणारच नव्हती. त्यांना फक्त ती गाठ जमायला हवी होती.